साबणाच्या फेसापासून निळ्या रंगापर्यंत

ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड. सातारा-सांगलीच्या घराघरांतली ही पारख प्रयोगशाळेहून जुनी आहे. काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. पाठ्यपुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात.

गंमत अशी, की शास्त्रानेही सुरुवात फेसापासूनच केली. अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्कने 1840 च्या दशकात साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून टिकाऊ फेस येईपर्यंत मोजण्याची रीत रूढ केली. ती वेळखाऊ, आणि मॅग्नेशियमपुढे डळमळीत. 1940 च्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाखने ईडीटीए या रसायनाने अनुमापन करण्याची पद्धत दिली.

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय 1919 चे, साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स 1958 चे. अशा महाविद्यालयांत आज हेच अनुमापन शिकवले जाते. पाण्यात अमोनिया बफर घालून सामू 10 ठेवतात, एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकतात आणि ब्युरेटमधून ईडीटीए सोडतात. द्राक्षारसासारखा लाल रंग निळा झाला की थांबायचे. हा क्षण चुकला तर सगळी मेहनत वाया जाते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम दुष्फेनता स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालते.