खोडा (घरगुती)
पाय किंवा मनगटे अडकवण्याची दोन फळ्यांची लाकडी चौकट. मराठेशाहीत हे शिक्षेचे साधन होते. आज काही प्रौढ जोडीदार परस्परसंमतीने, शृंगारक्रीडेसाठी ते घरीच बनवतात. अंधेरी-मुलुंडच्या इमारतींत यंत्राचा आवाज शेजारी पोचतो, तेव्हा करवत, पटाशी, रंधा आणि गिरमिट बरे. साग उत्तम, पण महाग. दोन्ही फळ्या शिकंज्यात एकत्र आवळून सांध्यावरच मध्य धरून वर्तुळ आखतात, म्हणजे कापल्यावर अर्धी बरोबर जुळतात. कडा कानशीने गोल करून पॉलिश पेपरने घासाव्या लागतात. खरे कष्ट इथेच. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून सांध्यात थोडी फट राखावी. कुलूप नको, झटकन उघडणारी कडी हवी. अडकलेल्या व्यक्तीला एकटे सोडू नये. मुंग्या येताच खोडा उघडावा.