फुफ्फुसातला रक्तदाब: औषधं नेमकी कुणासाठी आली?

मागच्या सुट्टीत वळसंगला मावशीची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. दुकानदारानं गोळीचं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "कुणासाठी?" गोळी होती सिल्डेनाफिल. मावशी पंचावन्नची, भाकरी थापतानाही धाप लागते तिला.

घरी येऊन फाईल उघडली. इकोच्या रिपोर्टात दोन गोष्टी होत्या: हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेली, आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमन्यांमधला दाब वाढलेला. गोळी दुसऱ्या गोष्टीसाठी दिली होती. पहिल्या गोष्टीसाठी काहीच नव्हतं.

या आजाराला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. त्याचे पाच गट आहेत. गट १ मध्ये धमन्याच बिघडतात, गट २ मध्ये मूळ दोष डाव्या हृदयात, गट ३ मध्ये फुफ्फुसात, गट ४ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांत, उरलेलं सगळं पाचव्यात. बाजाराचा कुठलाही अहवाल उघडा, कोटींचे आकडे बहुतेक गट १ चे असतात. असं का झालं, ते इतिहासात दिसतं.

१९६५ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनीत अमिनोरेक्स नावाची वजन कमी करायची गोळी आली. ती घेणाऱ्यांमध्ये धमन्यांचा हा आजार भराभर दिसू लागला आणि १९६८ मध्ये ती मागे घेतली गेली. त्याच धक्क्यातून जागतिक आरोग्य संघटनेनं १९७३ मध्ये जिनिव्हात बैठक बोलावली. पुढे अमेरिकेत १९८१ पासून रुग्णनोंदणी झाली, आणि निदानानंतर निम्मे रुग्ण २.८ वर्षांच्या आत जातात हे कळलं. प्रोस्टासायक्लिन १९७६ मध्येच सापडलं होतं. त्याचं औषध, इपोप्रोस्टेनॉल, १९९५ मध्ये मंजूर झालं. ते रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून पंप लावून अखंड द्यावं लागतं. २००१ मध्ये बोसेंटन आलं, २०२४ मध्ये सोटाटरसेप्ट. दुर्मिळ आजारांच्या औषधांना अमेरिकेत १९८३ च्या कायद्यानं सात वर्षांची मक्तेदारी मिळते. रुग्ण थोडे, चाचण्या छोट्या, किंमत मोठी. कंपन्या गट १ कडे वळल्या यात नवल नाही, आणि त्या रुग्णांचं आयुष्य वाढलं हेही खरंच आहे.

सिल्डेनाफिलची गोष्ट वेगळी. मुळात ते छातीच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं, १९९८ मध्ये भलत्याच कामासाठी प्रसिद्ध झालं, आणि २००५ मध्ये गट १ साठी मंजूर झालं. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. हे २००५ पर्यंत चाललं. त्यामुळे देशी कंपन्यांनी ते स्वस्तात बनवलं. स्वस्त, म्हणून हाताशी. आणि हाताशी आहे म्हणून गट न बघताही लिहिलं जातं.

खरं तर आपल्या देशातल्या डॉक्टरांनी हा आजार आधीच वेगळ्या रूपात पाहिला होता. १९५९ मध्ये पद्मावती आणि पाठक यांनी दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास छापला: फुफ्फुसाच्या जुन्या आजारानं उजवं हृदय थकलेले रुग्ण. त्यात बायकाही पुष्कळ होत्या, आणि चुलीच्या धुराचा संशय तिथंच आला. १९६३ मध्ये सुजय रॉय आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की भारतात संधिवाताच्या तापानं कोवळ्या वयातच मायट्रल झडप अरुंद होते. आजच्या भाषेत हे गट ३ आणि गट २. अलीकडे केरळमध्ये २,००३ रुग्णांची नोंद झाली, त्यातही गट २ चे ५९ टक्के आणि गट १ चे २१ टक्के निघाले.

मग गट १ चं औषध गट २ ला दिलं तर? विचार करा. झडप पुढे अडलेली आहे आणि आपण मागची वाट मोकळी करतोय. रक्त जास्त येतं, तुंबतं, फुफ्फुसात पाणी साठू शकतं. झडप दुरुस्त केल्यावरही दाब राहिलेल्या २०० रुग्णांवर स्पेनमध्ये सिल्डेनाफिलची चाचणी झाली (२०१८). गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्के बिघडले, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी १५ टक्के. ही चाचणी दुरुस्तीनंतरची आहे, मावशीला ती जशीच्या तशी लागू होत नाही; संशोधन करणार असाल तर असे फरक सोडू नका.

गट ३ चं चित्र थोडं हललंय. फुफ्फुस आक्रसण्याच्या आजारात हुंगायचं ट्रेप्रोस्टिनिल अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. धुरानं होणाऱ्या सीओपीडीतल्या दाबासाठी मात्र अजून असं औषध नाही.

'अपुरी गरज' हा शब्द तुमच्या प्रस्तावात येईलच. माझ्याही आला होता, आणि तिथं मी नव्या रेणूंची यादी दिली होती. मावशीच्या झडपेसाठी नवा रेणू नकोच आहे. बलूननं झडप उघडायची पद्धत जपानच्या इनोऊ यांनी १९८४ मध्ये छापली. त्याच्याही आधी, लहानपणी ताप आला तेव्हा पेनिसिलिनची इंजेक्शनं वेळेवर मिळाली असती तर झडप बहुधा वाचली असती. ना बलून, ना पेनिसिलिन, यातलं काहीच या बाजाराच्या अहवालात मोजलं जात नाही.

प्रस्तावातलं ते पान मी काढून टाकलं. मावशीला सोलापूरला हृदयरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी तपासून गोळी थांबवली (कुणी स्वतःहून थांबवू नका, तब्येत एकदम बिघडू शकते) आणि बलूनसाठी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे.