फ्रेंच टोस्टसाठी शिळा पावच उत्तम

रविवारच्या न्याहारीला फ्रेंच टोस्ट करण्याचा बेत ठरला की अनेक घरांत सकाळीच ताजा, लुसलुशीत पाव आणला जातो. मग टोस्ट तव्यावर तुटतो किंवा मध्यभागी कच्चा राहतो. दोष बहुधा कृतीचा नसून पावाचा असतो. हा पदार्थ मुळात शिळ्या पावासाठीच जन्माला आला. फ्रान्समध्ये त्याचे नावच 'वाया गेलेला पाव' या अर्थाचे आहे. प्राचीन रोमन पाकग्रंथ 'आपिसियस'मध्येही पाव दुधात भिजवून, तळून, वर मध घालण्याची कृती आढळते.

शिळा पाव का?
ताज्या पावाची जाळी नाजूक असते. दूध शोषताच ती खचते. पाव शिळा होताना त्यातील पिष्टमय घटक घट्ट होतात. त्यामुळे तो मिश्रण शोषूनही आकार टिकवून धरतो. यासाठी आदल्या रात्री स्लाइस ताटात उघडे ठेवावेत. पावसाळ्यात मात्र ते फ्रीजमध्ये उघडे ठेवणे योग्य. ताजाच पाव हाताशी असल्यास तो कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकून घ्यावा.

शिळा पाव आणि बुरशी आलेला पाव यांत मात्र गल्लत करू नये. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसत नसले तरी आत पसरलेले असतात. तेवढा भाग कापून उरलेला पाव वापरणे धोक्याचे असते. तो टाकूनच द्यावा.

साहित्य
जाड स्लाइस 4, अंडी 2, दूध अर्धा कप, साखर 1 मोठा चमचा, वेलची किंवा दालचिनीची पूड पाव चमचा, चिमूटभर मीठ, तूप 2 चमचे.

कृती
अंडी, साखर व मीठ एकत्र करून पांढऱ्या बलकाचे धागे उरणार नाहीत इतके फेटावे. त्यात दूध व वेलचीपूड मिसळून मिश्रण पसरट भांड्यात ओतावे. प्रत्येक स्लाइस दोन्ही बाजूंनी सुमारे 20 सेकंद भिजवून जादा मिश्रण निथळू द्यावे. तवा मध्यम तापवून तूप सोडावे आणि आच मंद करून प्रत्येक बाजू 3 मिनिटे भाजावी. नुसते लोणी वापरल्यास त्यातील दुधाचा अंश लवकर करपतो. तुपाचे तसे होत नाही.

आच मोठी ठेवल्यास साखरेमुळे बाहेरून रंग लगेच चढतो, पण आतील अंडे कच्चे राहते. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्यासाठी कच्चे अंडे अपायकारक ठरू शकते. टोस्ट मध्यभागी दाबून पाहावा. ओले मिश्रण बाहेर आल्यास झाकण ठेवून आणखी मिनिटभर भाजावा.

तिखट प्रकार
साखर व वेलची वगळून बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर हळद घातली की आपल्याकडे आवडीने खाल्ला जाणारा तिखट टोस्ट तयार होतो. अंडी न खाणाऱ्यांनी गोड टोस्टसाठी दुधात 2 चमचे कस्टर्ड पावडर कालवावी.

टोस्ट तव्यावरून थेट ताटात वाढावेत. एकावर एक रचल्यास वाफेने ते मऊ पडतात. शनिवारी रात्री उरलेले चार स्लाइस टाकून देण्याऐवजी ताटात पसरून ठेवले, तर रविवारच्या न्याहारीची अर्धी तयारी तेथेच झालेली असते.