डाळिंब तडकणे

डाळिंबाच्या फळाची साल झाडावरच उकलून दाणे उघडे पडण्याची विकृती. सालीपुरती दिसली तरी तिचे मूळ अनेकदा जमिनीत, पाण्यात आणि हवेत असते. फुटलेल्या फळात बुरशी व किडी शिरतात. ते टिकत नाही आणि त्याचा भाव पडतो.

सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोला, पंढरपूर व मंगळवेढा तालुक्यांत, डाळिंबाच्या मोठ्या बागा आहेत. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरात स्थापन झाले. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात लांबलेला कोरडा काळ आणि मग अचानक आलेला पाऊस, हाच क्रम तडकण्याला पोषक ठरतो.

कारणे : पूर्ण वाढलेले फळ बहुधा ओलाव्यातील चढउताराने तडकते. जमीन सुकली आणि हवा तापली की साल कडक होते व तिची लवचिकता घटते. अशा वेळी जोराचा पाऊस झाला किंवा चुकलेली पाळी भरून काढण्यासाठी एकदम भरपूर पाणी दिले, तर दाणे झपाट्याने फुगतात; साल त्या वाढीला पुरत नाही आणि फाटते. आंबे बहाराची फळे पावसाळ्याच्या सुमारास तयार होत असल्याने त्यांना हा धोका असतो. मृग बहाराच्या फळांना हिवाळ्यातील दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावत बाधते. कोवळी फळे तडकत असतील, तर बोरॉनच्या कमतरतेचा संशय घ्यावा. कॅल्शियम कमी पडल्यासही पेशीभित्तिका दुबळ्या राहतात.

निदान : प्रत्येक भेग एकाच कारणाची नसते. तेल्या हा झॅन्थोमोनास जिवाणूमुळे होणारा रोग आहे. त्यात आधी तेलकट, काळपट ठिपके येतात व त्यांवरून इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारख्या भेगा पडतात. अशा ठिपक्याचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास जिवाणूंचा स्राव बाहेर पडताना दिसतो. उन्हाने करपलेल्या फळावर सूर्याकडच्या बाजूला तपकिरी चट्टा असतो व साल तेथेच फाटते. पोखरणाऱ्या अळीचे छिद्र गोल असते. भेगेभोवतीची साल निरोगी असेल, तर शोध पाण्याकडे वळवावा : पाळ्यांच्या व पावसाच्या तारखा ताडून पाहाव्यात, मुळांजवळ खणून ओल तपासावी, ठिबकच्या तोट्या तुंबल्या आहेत का ते पाहावे आणि माती व पानांचे पृथक्करण करून घ्यावे.

उपाय : बहार धरण्यासाठी दिलेला ताण हळूहळू तोडावा, फळधारणेनंतर पुन्हा ताण पडू देऊ नये. ठिबकने थोडे थोडे पण नियमित पाणी देऊन वाफसा टिकवावा. बुंध्याभोवती आच्छादन केल्याने ओल उडत नाही. उन्हाची बाजू पानांच्या सावलीत राहील अशी छाटणी करावी. बोरॉनची उणीव सिद्ध झाल्यास बोरॅक्सची ०.२ टक्के फवारणी करतात.

पाण्याच्या ताणाने तडकलेल्या बागेवर जिवाणूनाशक फवारणे व्यर्थ आहे, आणि तेल्या लागलेल्या बागेत केवळ पाणी सुधारून रोग हटत नाही. म्हणून फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी भेगेचे कारण निश्चित करणे, हाच या विकृतीवरील पहिला उपाय होय.