अमरावती : शहर व प्रेक्षणीय स्थळे

अमरावती. पश्चिम विदर्भातील (वऱ्हाड) जिल्ह्याचे व महसुली विभागाचे मुख्य ठिकाण. मुंबई–हावडा लोहमार्गावरील बडनेऱ्यापासून सु. १० किमी., नागपूरपासून सु. १५० किमी. एकोणिसाव्या शतकात कापसाच्या बाजारावर हे गाव वाढले. आज त्याची चलती आहे ती महाविद्यालयांमुळे. धारणी, दर्यापूर, मोर्शी, वरूडकडची मुले येथे शिकायला येतात. गाडगेनगर, कठोरा नाका या बाजूच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकाने आणि अभ्यासिका त्यांच्यावरच चालतात. ज्याला पाहून डोळे दिपावेत अशी प्राचीन वास्तू शहरात नाही. पाहण्याजोगे जे आहे ते बहुतांशी गेल्या दीडशे वर्षांत कोणीतरी हट्टाने उभे केलेले आहे, आणि अमरावती पाहायची तर ते काम चालू असताना पाहावे.

जुन्या गावाभोवतीच्या दगडी भिंतीला लोक परकोट म्हणतात. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमलात, १८०७ च्या सुमारास, ती बांधायला घेतली. तिला मोठे दरवाजे आणि ‘खिडक्या’ म्हणजे लहान दारे होती. जवाहर गेट आजही भर वाहतुकीत उभे आहे. एका अंगाला बांगड्यांची व कापडाची दुकाने आणि कमानीखालून एकमेकांना वाट न देणारे ऑटो, अशा स्थितीत ते पाहावे लागते. भिंतीची पडझड झाली आहे, काही ठिकाणी घरेच तिला टेकली आहेत. जतनाच्या दृष्टीने हे समाधानकारक नाही.

अंबादेवी व एकवीरा ही शेजारशेजारची देवळे शहराचे श्रद्धास्थान होत. रुक्मिणी कौंडण्यपूरहून देवीच्या दर्शनाला येथे आली आणि कृष्णाने तिचे हरण केले ते येथूनच, अशी आख्यायिका आहे. नवरात्रात पहाटेपासून रांगा लागतात, परिसरात जत्रा भरते. परंतु या देवळाचा अर्वाचीन इतिहासही तितकाच मोलाचा आहे. अस्पृश्य मानलेल्यांना येथे प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये आंदोलन उभे राहिले. त्यासाठी १३ व १४ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पंजाबराव देशमुख हे या चळवळीच्या पुढाऱ्यांपैकी एक. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. दर्शनाला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

राजकीय घडामोडींचा मान शहराला त्याआधीच मिळाला होता. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली येथे भरले. स्वागताध्यक्ष होते लोकमान्यांचे स्नेही दादासाहेब खापर्डे. खापर्डे बगीचा या वस्तीच्या नावात ते घराणे टिकून आहे. कवी सुरेश भट यांचा जन्म याच शहरातला (१९३२).

शहरातील सर्वांत पाहण्याजोगी जागा कोणती, या प्रश्नाला नोंदकर्त्याचे उत्तर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असे आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेल्या आखाड्यातून ही संस्था वाढली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे दाखवली होती. मल्लखांब पाहावा तो सरावाच्या वेळी. तेल चोळून गुळगुळीत केलेला लाकडी खांब, मुलगा धावत येऊन मांड्यांनी त्याला कवळ घालतो, हात सोडतो आणि उलटा होऊन शेंड्याकडे सरकतो. खाली उभा असलेला उस्ताद फक्त पायाच्या अंगठ्याकडे पाहत असतो. मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय नावाजलेले असून प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

१९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेले शासकीय विदर्भ महाविद्यालय सर्वांच्या तोंडी ‘व्हीएमव्ही’ आहे. पंजाबरावांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने शेतकऱ्याच्या पोराला कॉलेजची पायरी चढवली. हेच पंजाबराव पुढे केंद्रीय कृषिमंत्री झाले. विद्यापीठ १ मे १९८३ चे. मार्डी रस्त्यावरील त्याचे आवार झाडीचे आहे आणि तेथे बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ज्या संत गाडगेबाबांचे नाव विद्यापीठाला आहे त्यांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी झाले. त्यांची समाधी गाडगेनगरात आहे. शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला देणे वऱ्हाडाला शोभून दिसते.

विद्यापीठाच्या बाजूलाच तपोवन. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये, म्हणजे आनंदवनाच्याही आधी, कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत उभारली. भीक नको, हाताला काम हवे, हे तिचे धोरण. येथे जायचे ते पर्यटक म्हणून नव्हे, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

संध्याकाळी फिरायला वडाळी व छत्री हे तलाव आहेत. दोन्ही इंग्रजी अमदानीतले, पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले. वडाळीला वनविभागाचे बांबू उद्यान आहे, पलीकडे पोहरा-मालखेडचे जंगल सुरू होते. शिवाजी महाराजांचा पुतळा असलेली मालटेकडी शहराच्या मधोमध आहे. तिथून सूर्यास्त बरा दिसतो.

खाण्यात गिला वडा अमरावतीचाच. उडदाच्या डाळीचा वडा तळून, भिजवून, त्यावर घट्ट दही आणि तिखट चटणी. दहीवडाच तो, असे स्थानिकांपुढे म्हणू नये. तिखट बटाटा आणि तळलेल्या नळीसारख्या पोंग्यांचा आलुपोंगा हा विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारा. त्यावर अकोलेकरही हक्क सांगतात. हा वाद मिटण्यातला नाही.

जिल्ह्यात वर्धेकाठचे कौंडण्यपूर (आषाढीला येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते), तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी आणि महानुभावांचे रिद्धपूर ही स्थळे एकेका दिवसात होतात. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. चिखलदरा हे विदर्भातले थंड हवेचे ठिकाण. वाटेत परतवाडा. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर इंग्रज सेनापती वेलस्लीने १५ डिसेंबर १८०३ रोजी भोसल्यांच्या सैन्याचा पाडाव केला. सभोवार मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प असून तो देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी आहे. सलग दोन दिवस हाताशी असल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

जिल्ह्याबाहेर जायचे तर अकोला (अमरावतीपासून सु. १०० किमी.) येथे असदगड किल्ला, राजराजेश्वर मंदिर आणि १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. श्रावणात गांधीग्राम येथील पूर्णेचे पाणी कावडींनी आणून राजराजेश्वराला घालतात. अकोल्याहून पुढे बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहता येते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. येण्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, चिखलदऱ्यासाठी मात्र पावसाळा. एप्रिल २०२५ पासून बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी विमानसेवा आहे. बहुतेक लोक अजूनही रात्रीच्या रेल्वेनेच येतात.