शब्दवेध : रान

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या नाक्यावर धुळ्याकडून येणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. सभोवती उसाची शेती आणि कापडाच्या गिरण्या. इथे मराठी आणि गुजराती शेजारी नांदतात, म्हणून ‘रान’ हा शब्द तपासायला ही जागा चांगली.

संस्कृत ‘अरण्य’, प्राकृतात ‘रण्ण’, पुढे ‘रान’. गुजरातीतही ‘रान’ म्हणजे जंगलच. वन्य प्राणी तो ‘रानी पशु’. मात्र पिकाच्या जमिनीला गुजराती माणूस ‘खेतर’ म्हणतो. मराठीने रानाचा अर्थ रुंदावला. आपल्याकडे ‘रानात गेलाय’ म्हणजे बहुधा शेतात गेलाय. रानडुक्कर आणि रानभाजी जंगलातली, काळं रान मात्र कसदार जमीन. कच्छचं ‘रण’ वेगळं. त्याचं मूळ ‘इरिण’, म्हणजे खारट, नापीक भूमी.

नॉर्वेजियन ‘मार्क’ची वाटचालही अशीच आहे. मुळात सीमा, मग सीमेवरचं अरण्य. आज त्याचा अर्थ रान आणि शेतजमीन दोन्ही. ऑस्लोभोवतीच्या वनाला लोक ‘मार्का’ म्हणतात आणि त्याच्या रक्षणासाठी 2009 पासून स्वतंत्र कायदा आहे.

मराठीत आपण जिवाचं रान करतो, विरोधकांविरुद्ध रान उठवतो. वाक्प्रचारांत रान असं शाबूत आहे. मुलांशी बोलताना प्रत्येक वेळी ‘जंगल’ म्हणू नका. रान, माळरान, रानवाट हे शब्दही त्यांच्या कानावर पडू द्या.