ईश्वरसान्निध्य : दैनंदिन ख्रिस्ती जीवनातील साधना

ईश्वरसान्निध्य म्हणजे देव आपल्याजवळ आहे याचे भान ठेवून जगणे. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना हा त्याचा एक भाग होय. परंतु त्या दोन प्रार्थनांच्या मधला काळ, म्हणजे शेतातील, स्वयंपाकघरातील, कचेरीतील व प्रवासातील काळ, देवासमोर कसा घालवावा हा या साधनेचा खरा विषय आहे. संत पौलाने थेस्सलनीका येथील श्रद्धावंतांना निरंतर प्रार्थनेचा जो उपदेश केला, तो याच अर्थाने घ्यावा असे आम्हांस वाटते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत हा विषय अधिक निकडीचा आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताचा हा भाग विस्ताराने मोठा, तर कॅथोलिक कुटुंबे विरळ. अनेकांना रविवारच्या मिस्सासाठी एस.टी.ने दूरवर जावे लागते. उसाचा हंगाम सुरू झाला, हळदीची काढणी आली की रविवारही हातचा जातो. मग हळूहळू देव चर्चमध्ये आणि आपण रानात अशी वाटणी होऊन बसते. मिस्सा चुकण्याइतकीच ही वाटणी घातक आहे. कारण मिस्सा चुकल्याची खंत तरी मनाला लागते, वाटणीची लागत नाही.

याच सातारा शहरात ही वाटणी नाकारणारे एक भक्त येऊन राहिले होते. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे येशूचे सर्व भक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. पुढे दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले व तो प्रयोग अपुरा राहिला. टिळक प्रॉटेस्टंट होते. बाप्तिस्मा व इतर संस्कारांना आपल्या ख्रिस्तसभेत जे स्थान आहे ते पाहता त्यांचा दरबार आपल्याला जसाच्या तसा उचलता येणार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तथापि त्यांनी भक्ती घरच्या भाषेत आणली हे ऋण मोठे आहे. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेले त्यांचे मन येशूशी अभंगातूनच बोलले. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात. त्या भक्तीमागचा संसार कसा चालला, हे पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत; देवभोळ्या घरातही पैशाची ओढाताण व रुसवेफुगवे असतातच, हे वाचून आपल्यासारख्या प्रापंचिकांना धीर येतो!

कॅथोलिक परंपरेत हीच वाट जुनी आहे. जेज्विट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. जात्यावर बसलेल्या आयाबायांच्या ओठी असे तो ओवीछंद त्यांनी निवडला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. फ्रान्समध्ये संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ च्या सुमारास संसारी माणसांसाठी भक्तिमार्गाचा ग्रंथ लिहिला. कामाच्या मध्येच देवाला दोन शब्द बोलावेत, हा त्यांचा आवडता उपाय. पॅरिसच्या कार्मेलाईट मठातील ब्रदर लॉरेन्स तर मठाचे आचारी. भांड्यांच्या गडबडीतही त्यांनी देवाचे भान सोडले नाही. पावित्र्याची हाक सर्वांनाच आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितले.

प्रत्यक्षात काय करावे? सकाळी, दुपारी व सायंकाळी देवदूताच्या संदेशाची प्रार्थना म्हणण्याची चाल आहे. चर्चची घंटा ऐकू येत नसेल तर मोबाईलचा गजर लावावा. त्यात कमीपणा नाही. पाण्याची पाळी देताना, दळण निवडताना, बसची वाट पाहताना एखादे लहानसे वाक्य मनात म्हणावे, आणि ते पाठ केलेले असण्यापेक्षा आपले स्वतःचे असावे. मिस्साला जाणे खरोखर अशक्य झाले तर त्या रविवारचे शुभवर्तमान घरी मोठ्याने वाचावे व ख्रिस्तशरीराचा आध्यात्मिक स्वीकार करावा. २०२० मध्ये चर्चची दारे बंद असताना असंख्य कुटुंबांनी हेच केले. अर्थात मिस्सा शक्य असताना ही पळवाट होऊ नये.

देव जवळ आहे असे वाटणे आणि देव जवळ असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला, तेव्हा घर सोडून निघालेल्यांना प्रार्थनेचे शब्द आठवले नसतील. शेजाऱ्याच्या म्हातारीला धरून बाहेर काढणारा हात मात्र देवापासून दूर होता असे कोण म्हणेल? कलकत्त्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. देवाच्या सहवासाचा गोडवा त्यांना कित्येक वर्षे जाणवला नव्हता, हे त्यांतून जगाला कळले. तरी त्यांची सेवा व प्रार्थना खंडित झाली नाही. म्हणून मन कोरडे पडले की साधना फसली असे मानू नये. जपमाळ हाती घ्यावी आणि डोळा लागला तर लागू द्यावा.

रात्री निजण्यापूर्वीची पाच मिनिटे मात्र आवर्जून राखावीत. संत इग्नाती यांनी शिकविलेले आत्मपरीक्षण येथे उपयोगी पडते: प्रथम दिवसाबद्दल आभार, मग उठल्यापासूनचे प्रसंग एकेक आठवणे, जेथे चुकलो तेथे क्षमायाचना आणि उद्यासाठी कृपेची मागणी. घरात मुले असतील तर त्यांना एवढेच विचारावे की आज देव तुला कोठे भेटला. उत्तर बहुधा शाळेतल्या डब्याविषयी किंवा शेजारच्या कुत्र्याविषयी असते. ते ऐकून घ्यावे व दिवा मालवावा.